ब्रेकमधली हवा आणि सिर्काचा पाय

१० जून, मंगळवार
गाडीच्या ब्रेकचं पॅडल मऊ लागतंय. पाइपात हवा शिरली, दुसरं काही नाही. सिर्का म्हणाली, गॅरेजवाल्याला दाखव. सव्वीस वर्षांच्या संसारानंतरही बायकोला नवऱ्याची किंमत नाही. २० तारखेला युहान्नुस, भर उन्हाळ्याचा सण. तिच्या वडिलांची तळ्याकाठची झोपडी ऑगस्टमध्ये विकायचीय, म्हणजे तिथला हा शेवटचा सण. यंदा तुझ्यासाठी थांबणार नाही, असं तिनं बजावलंय. थांबायची वेळच येणार नाही.

१२ जून, संध्याकाळी ६
शेजारचा इल्पो कुंपणावरून म्हणाला, लागलं तर हाक मार. हाक कोण मारतो? माझ्या बापानं विहीर एकट्यानं खणली. ती ढासळली, ते वेगळं.

१४ जून, शनिवार
सिर्काला पॅडलवर बसवलं, मी चाकापाशी. मी ‘दाब’ म्हटलं की दाबायचं, चाकामागचं हवा काढायचं निपल उघडून बंद करून ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. अक्कल लागत नाही, पाय लागतो. मध्येच म्हणाली, बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल बघ, संपत असेल. म्हटलं, तू पाय सांभाळ. परत म्हणाली. परत सांगितलं.
डबी कोरडी पडली. होती त्याच्या दुप्पट हवा आत गेली.
ती उतरली. म्हणाली, सव्वीस वर्षं दाब म्हणालास तेव्हा दाबलं, सोड म्हणालास तेव्हा सोडलं. एकदा तरी माझं ऐकायचंस. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. संध्याकाळी दोघांना वाफ घ्यायला अंगणातला सॉना तापवला. आली नाही.

१६ जून
पॅडलला झाडूचा दांडा टेकवून एकट्यानं काम. दांडा उलट बोलत नाही. दुपारी निसटला. ब्रेक ऑइल सांडून गाडीचा पुढचा रंग सोलवटला. तसाही तो रंग मला आवडत नव्हता.

१८ जून
पॅडल तळाला टेकतंय. सुधारणा होईल. सिर्कानं बॅग भरली. टॉवेल एकच घेतलाय.

१९ जून, दुपार
डोकं शांत करायला सॉनात बसलोय. सॉना थंड आहे. भिंतीपलीकडे इल्पो म्हणतोय, दाब. सिर्का म्हणते, दाबलंय. सोड. सोडलं. मग ती म्हणाली, डबी बघ. तो म्हणाला, बरं झालं बोललीस, थांब, भरतो.
चाळीस मिनिटांत चारही चाकं. अवघड भाग मी आधीच उरकला होता.
ती हसली. हे हसणं मी विसरलो होतो.

२० जून, शुक्रवार
उठलो तर गाडी नाही. टेबलावर चिठ्ठी: पॅडल घट्ट झालंय. यायचं असेल तर इल्पोला सांग, तो दुपारी तिकडेच निघतोय.
सांगायचं काय त्यात? बसनं जाईन. सणाच्या दिवशी बस नसते हे लहानपणापासून ठाऊक आहे, तरी थांब्यावर दीड तास उभा राहिलो. इल्पोची गाडी आली, थांबली. काच खाली करून त्यानं विचारलं, तळ्यावर येतोस का, जागा आहे.
म्हटलं, नको, मी सहज फिरायला निघालोय.