आधी पाडस, मग हरिणी

गेर्लिंगेन, जर्मनी, ३० ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधीर,

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकातला ‘शरदातील हरिणशिकार : नवशिक्यांसाठी सूचना’ हा तुझा लेख वाचला. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. एक चूक मात्र पेन्सिलीने दुरुस्त होण्यासारखी नाही. वाऱ्याकडे तोंड करून बसावे, पहिल्या हालचालीला बंदूक उचलू नये, हे योग्यच. पण ‘आईशेजारी उभ्या असलेल्या पाडसावर माझे ज्येष्ठ मित्र विष्णू यांनी गोळी झाडली’ हे खरे नव्हे. आई तेव्हा उभी नव्हती. तिला तू पाडले होतेस.

मचाणावर आपण दोघेच होतो. हरिणी एकटी कुरणात उतरली, तेव्हा मी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवून थांबण्याची खूण केली. आधी पाडस, मग आई, हा इथला पहिला नियम; आईवाचून पाडस हिवाळा काढत नाही. तू थांबला नाहीस. मागून पाडस आले आणि तिला हुंगत उभे राहिले. तू तोंड फिरवलेस, म्हणून दुसरी गोळी मला झाडावी लागली. रिवाजाप्रमाणे शेवटचा घास म्हणून दोघांच्या तोंडात फर वृक्षाची डहाळीही मीच ठेवली. तुझा परवाना नवा होता. तो जाऊ नये म्हणून, ते रान कंत्राटाने घेतलेल्या लेमानसाहेबांना मी सांगितले की दोन्ही गोळ्या माझ्याच. त्यांनी मला पुन्हा बोलावले नाही. तुला दर शरदात बोलावणे येत राहिले. मी अवाक्षर काढले नाही.

आताही काढले नसते. पण माझ्या नातीने, स्पृहाने, यंदा शिकारीची परीक्षा दिली ती माझ्याबरोबर मचाणावर बसायचे म्हणून. दुसऱ्या एका रानात आम्हांला जागाही मिळाली होती. सूनबाईंनी तिला तुझा लेख वाचून दाखवला. काल तिने जर्मनमध्येच विचारले : म्हणजे आजोबा, ते पाडस तुम्हीच मारलंत का? मी ‘हो’ म्हणालो, कारण ते खरे आहे. पुढचे ऐकायला ती थांबली नाही. आता ती तुझ्याबरोबर जाणार आहे. उरलेले तिला तू सांग. माझ्या तोंडून ती सबब वाटेल.

तुझाच, अद्याप तरी,
विष्णू

ता. क. तुझ्या लेखातील तारखा अशा वाचाव्यात :

हरिणी आणि पाडस : ‘ऑक्टोबर २०१७’ नव्हे, शनिवार, २९ सप्टेंबर २०१८.

मी ते रान सोडले : ‘२०१९ साली, स्वेच्छेने’ नव्हे, ३० सप्टेंबर २०१८, आणि स्वेच्छेने नव्हे.

स्पृहा तुझ्याबरोबर मचाणावर : शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. तिला सांगण्याचा दिवस : त्याआधीचा कोणताही.