शनीची कडी, नक्की या शनिवारी

१९ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी १
बॅरो, अलास्का. (नवं नाव उत्किआग्विक. जीभ वळत नाही.) सूर्य काल बुडाला, आता जानेवारीच्या बावीस-तेवीसला उगवणार. लोक म्हणे डिप्रेस होतात. मी होणार नाही. दोन महिन्यांचं डेटाबेसचं कॉन्ट्रॅक्ट मुद्दाम घेतलंय. एवढा सलग अंधार, ग्रह बघायला आणखी काय हवं?

ॲन आर्बरहून टेलिस्कोप आणलाय. शेहेचाळिसाव्या वाढदिवसाला सुवर्णाने दिलेला. तिला शनीची कडी बघायची होती. ‘पुढच्या शनिवारी नक्की,’ म्हणालो होतो. त्याला अकरा वर्षं झाली. जानेवारीत तिला जाऊन वर्ष होईल. त्याच्या आत कडी बघायचीच. शब्द म्हणजे शब्द.

इलाचा जर्सी सिटीहून फोन. बाबा, you're running away, म्हणाली. काहीतरीच! मुलींना सायन्स कळत नाही. (ती इंजिनियर आहे, पण तरी.)

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी २
माझ्या साडेसातीसाठी सुवर्णा शनिवार धरायची, सूर्यास्तानंतर सोडायची. आता मी धरतो. श्रद्धा वगैरे नाही, सवय मोडू नये इतकंच. आज लक्षात आलं की इथला सूर्यास्त मंगळवारीच होऊन गेलाय. म्हणजे उपवास सुटलेलाच! बर्गर खाल्ला. लॉजिक एकदम क्लीन.
आभाळ भरलेलं. बर्गर खाताना मागून कोणीतरी उसासा टाकला. हीटर असणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार
ढग. शिवाय ट्रायपॉडचा एक स्क्रू सापडेना. शिवाय थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला कोण काय करतं? पुढच्या शनिवारी नक्की.
(हे वाक्य लिहून झाल्यावर खोलीत फार शांत झालं.)

६ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी ६
आकाश स्वच्छ! उणे वीस फॅरनहाइट. गुरू इथे मावळतच नाही, नुसता गोल फिरत राहतो. शनी दक्षिणेला, हात लांब करून मोजलं तर क्षितिजापासून दीडएक मूठ वर. टेलिस्कोप लावला, काच पुसायला सवयीने फुंकर मारली. काचेवर बर्फ. पुसलं तर आणखी बर्फ. आत आणला, तर सगळ्या काचेला पाणी सुटलं. पुन्हा बाहेर नेईपर्यंत धुकं. टेक्निकल अडचण, माझी चूक नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. काच पुसत असताना मागे बर्फात पावलं वाजली. थोड्या अंतरावर थांबली. ती उभी राहायची तशी, घाई न करता. मी न वळता म्हणालो, थांब गं, सेटिंग चाललंय. मग वळलो. कोणी नव्हतं.
अस्वल असू शकतं. इथे असतात.

७ डिसेंबर, रविवार
घरमालकिणीने विचारलं, पाहुण्या किती दिवस राहणार? कोण पाहुण्या? तुम्ही रोज बोलता त्या, म्हणाली. मी सांगितलं, फोनवर बोलतो. ती म्हणाली, फोन तर माझ्या किचनमध्ये चार्जिंगला असतो. बाई फार चौकस आहे.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपारी १२
बाहेर काळोख. चहा केला, दोन कप. पाणी जास्त झालं होतं म्हणून. दुसरा कप समोर ठेवला. वारा. अहो, झालं का, असं ऐकू आलं. वारा मराठीत बोलतो का, हा प्रश्न गैरलागू आहे. मी ‘झालंच’ म्हणालो.
मग बराच वेळ रडलो. कॉन्ट्रॅक्टचं काम राहिलं.

२० डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी ७
झालं. पाहिला.

टेलिस्कोप दोन तास बाहेरच ठेवला. श्वास रोखून डोळा लावला. शनी सापडला. पिवळट वाटाणा, आरपार एक बारीक काडी. कडी कुठाय? फोकस केलं. काडीच. दुसरी भिंगं लावली. काडीच.

इलाला फोन केला. टेलिस्कोप खराब निघाला, असं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, टेलिस्कोप बरोबर आहे. या वर्षी कडी आपल्याकडे कडेने वळलीय, म्हणून रेघ दिसते. २०१७ ला सगळ्यात उघडी होती. मी म्हणालो, मग तुझ्या आईला मी तेव्हाच दाखवायला हवी होती, फार चुकलं माझं.

ती म्हणाली, आईने पाहिलीय. त्याच वर्षी, जूनमध्ये. आम्ही दोघींनी बॉक्स उघडून बॅकयार्डमध्ये लावला होता. तुला वाईट वाटू नये म्हणून आईने पुन्हा होता तसा पॅक केला.

मी विचारलं, आवडली का तिला? खूप, म्हणाली. आई तुला बोलवायला वर आली होती. तू कॉलवर होतास. दोन बोटं दाखवलीस, दोन मिनिटं म्हणून. ती दारात उभी राहिली, मग खाली आली.

मला हे आठवत नाही. अशी बोटं मी रोजच दाखवायचो.