सीलच्या पिल्लाचं नाव

आई, तू आधी हसली असतीस. माझ्या मुलाचं नाव रोनन, आणि रोनन म्हणजे सीलचं लहानसं पिल्लू. सील तू कधी पाहिला नाहीस, आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्रात तो नसतो. मासा नव्हे गं, जनावर. अर्धा वेळ पाण्यात, अर्धा खडकावर. पिल्लू चुकलं की तान्ह्या बाळासारखं रडतं म्हणे. हे मला नणंदेने सांगितलं. माझं सासर आयरिश, हे तुला कुठून माहीत असणार? तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. नवऱ्याचे आजोबा तिकडे मासेमारी करायचे, त्यांचंही नाव हेच. त्यांच्यात एक गोष्ट सांगतात. एक सीलमादी लाटेबरोबर किनाऱ्याला लागली, तिची बाई झाली, तिने संसार केला, पण परत जाणं काही जमलं नाही. तिची पोरं ती रोनन.

नवरा म्हणाला, आवडत नसेल तर दुसरं बघू. मी म्हटलं, हेच. का ते सांगितलं नाही, त्याने वेड्यात काढलं असतं. तू मला घरात धोंडी म्हणायचीस. माझ्या आधीचा मुलगा गेला होता, म्हणून चांगलं नाव फक्त शाळेपुरतं, घरात दगडधोंडा. यम ढुंकून बघत नाही. मी जगले. मग वाटलं, दगड चालतो तर जनावर का नाही चालणार? टोरांटोत इंजिनियर म्हणून नोकरी करणारी तुझी लेक असा विचार करत होती, बघ.

त्या आधीच्याबद्दल मी एकदाच विचारलं होतं. तू खोबरं खवत होतीस. मी शेजारी बसून विचारते, त्याचं नाव काय होतं गं? विळीवरचा तुझा हात थांबतो. "बारसंच झालं नाही. नाव नाही, म्हणून आठवणही नाही. परत विचारलंस तर थोबाड फोडीन." मग थोड्या वेळाने साखर घालून मूठभर खोबरं माझ्या हातावर ठेवलंस. आठवण नाही म्हणायचीस, आणि दर श्रावणात त्याच एका तिथीला, उपास नसताना, जेवायची नाहीस.

मंदीच्या वर्षी, भर हिवाळ्यात, माझा दिवस भरायच्या फार आधी झाला. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात, ओला, काळसर, खरंच पिल्लासारखा. बाराव्या दिवसाआधी नाव घ्यायचं नाही असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मग एका सकाळी डॉक्टरांनी आम्हाला खुर्चीवर बसवलं आणि ते हळू आवाजात बोलू लागले, तेव्हाच मला कळलं. नणंद ओकव्हिलहून बर्फातून गाडी हाकत आली. नाव आत्या ठेवते, हे मी तिला मागे गमतीत सांगितलं होतं. तिने ते मनावर घेतलेलं. कोपरापर्यंत हात धुतले, नर्सला झाकण उघडायला लावलं, वाकली, आणि मी शिकवलेलं ते कुर्रर्र तिच्या त्या जाड जिभेने केलं. मग नाव घेतलं. बारावा दिवस यायचा होता. तुझं ते "थोबाड फोडीन" मला ऐकू आलं, पण मी तिला अडवलं नाही. निनावी जाऊ द्यायचं माझ्याने होईना. संध्याकाळी तो गेला.

तुझं खरं होतं, आई. नाव असलं की फार वाईट. दुकानात कुणी परकी बाई आपल्या पोराला त्याच नावाने हाक मारते आणि मी ग्रोसरीची गाडी तिथेच सोडून बाहेर येते. नवरा म्हणतो, परत प्रयत्न करू. मला नको आहे. मला काहीच नको आहे. त्या गोष्टीतली बाई किनाऱ्यावर बसून काय करत असेल, ते आता कळतं: काही नाही करत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ड्रॉवरमध्येच जाईल. एक तेवढं सांगते. दिवा लावताना मी ते नाव दोनदा घेते. एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्या त्या पोरासाठी, त्याला कुणी काही ठेवलंच नाही म्हणून. तुला न विचारता. दोघांपैकी एकही ओ देत नाही.