कामठीच्या मुलीला ताई म्हटलं

२ नोव्हें. १९७३
ऑफिसात नवी टायपिस्ट आली. फाइल द्यायला दोनदा गेलो, दोनदा परतलो. शेवटी "ताई, एवढं टाइप..." म्हणालो आणि सुटलो. ताई म्हटलं की जीभ चालते. सत्तावीस वर्षं याच शब्दावर निभावली.

९ नोव्हें.
रविवारी मुलगी बघायला जायचंय. वहिनीने प्रश्न पाठ करून घेतले: शिक्षण, आवड वगैरे. "मूग गिळून बसू नका भाऊजी. तिले वाटन, पोरगा मुका हाय."

११ नोव्हें., रवि.
कामठी. मी, दादा, मामा. मुलगी सुमन, तिथल्याच शाळेत शिकवते. पोहे घेऊन आली. पाठ केलेलं सगळं पार पुसलं गेलं. त्यात मिरचीचा ठसका. घशातून निघालं, "ताई, पाणी!"
मामा मोठ्याने म्हणाला, "अरे, ताई काहून म्हनतं गा तिले?"
तिने पाणी आणलं. ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती. आवडली मला. फार आवडली. आणि मी तिला बहीण करून बसलो!

१४ नोव्हें.
त्यांचा निरोप आला. मुलाने भर बैठकीत ताई म्हटलं, म्हणजे तुमचा नकारच समजतो. दादा म्हणाला, दुसरी बघू. मी नाही म्हणालो. दादाला पहिल्यांदाच.
वहिनी : "मंग तिलेच जाऊन सांगा न!"

१६ नोव्हें.
अर्धी रजा टाकून तिच्या शाळेपाशी गेलो. ती बाहेर आली, सोबत आणखी दोघी बाया. तिघींना बघून सरळ पानठेल्यामागे. परतताना बसमध्ये स्वतःला यथेच्छ शिव्या.

१९ नोव्हें.
पुन्हा गेलो. आज एकटी होती, बस स्टॉपवर. "सुमन... सुमनबाई, त्या दिवशी चूक झाली. मी सगळ्यांनाच ताई म्हणतो. भाजीवालीलाही."
"मले समजलं होतं," ती म्हणाली. "पन बाबाले कोन सांगन?"
"मी सांगतो." बोलून गेलो खरा.
मग तिच्या वर्गातल्या पोरी, माझं ऑफिस, कामठीची धूळ. काय काय बोललो! बस आली, गेली. दुसरीही तिने सोडली. मी मोजून तीनदा हसवलं तिला.

२५ नोव्हें., रवि.
एकटाच गेलो. दादाला आल्यावर सांगितलं.
तिच्या बाबांपुढे बसलो. सांगितलं, घाबरलो होतो, नकार नव्हता, मुलगी मला पसंत आहे. ते म्हणाले,
"सारं तुम्हीच सांगून राहिले. तिले इचारलं का, तुम्ही पसंत हाय का म्हनून?"
खरंच की. मामा, दादा, मी, कुणालाच सुचलं नव्हतं. ती दारात उभी होती, आई मागे. पूर्वीचा मी असतो तर पळायला चपला शोधल्या असत्या. तिच्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं, "सुमन, मी चालेन का तुम्हाला?"
ती लाजली नाही. नीट बघितलं माझ्याकडे, एखाद्या पोरीची वही तपासावी तसं.
"बुधवारी सांगते."
बाबा हसले. चहा आला, दोन कप प्यालो.
ती काय म्हणेल, देव जाणे. पण विचारलं मी. चारचौघांत, तिच्या डोळ्यांत बघून.