पांढऱ्या दोऱ्याचा खुबूस

बाबा, परवा तुमचा गळांचा डबा उघडला, तोच तो आखातातल्या आपल्या फहाहीलच्या घरातला बिस्किटांचा. उन्हाळाभर तुम्ही एसीखाली बसून आईच्या शिवणाचा पांढरा दोरा गळांवर गुंडाळायचात. कंपनीतला इंग्रज साहेब मायदेशी परतताना तुम्हाला त्याची मासे धरायची लवचिक काठी देऊन गेला, आणि खऱ्या आमिषाला हात लावायचा नाही हा नियमही. त्याच्या नदीतले मासे दोऱ्याच्या खोट्या किड्यांवर झडप घालायचे म्हणे. आपल्या किनाऱ्यावरचे बोय मासे मात्र लोक टाकतात त्या खुबूसच्या रोटीवर यायचे. म्हणून तुम्ही दोऱ्याचा खुबूस करायला घेतलात.

आपण मासे खात नाही, मग त्यांना छळायचं कशाला, असं आई विचारायची. सोडूनच देणार आहे, म्हणायचात. पण सोडायला आधी लागायला हवा ना! थंडी पडली की दर शुक्रवारी सकाळी आपण दोघं दगडांवर. शेजारी मालवणकडचे फिटरकाका खरा खुबूस लावून बादली भरायचे. "सायबानू, दोरो खावक मासो काय खुळो आसा?" तुम्ही हसायचात, पण परतताना गाडीत गप्प. मार्चात धूळ उडायला लागली की काठी कपाटावर. असे तीन हिवाळे गेले. मी दहा वर्षांची, मला तुमचं ते गप्प बसणं सहन व्हायचं नाही.

चौथ्या हिवाळ्यातला एक शुक्रवार. तुम्ही पाठमोरे बसून थर्मासमधला चहा ओतताय, आणि मी काकांच्या पिशवीतला खुबूस थुंकी लावून मळते, तुमच्या गळावरच्या दोऱ्यात घट्ट दाबते. काका बघतात आणि समुद्राकडे तोंड फिरवतात. तिसऱ्या फेकीला काठी वाकली. केवढे हरखलात तुम्ही! गुडघाभर पाण्यात उभं राहून माशाच्या तोंडातला गळ सोडवलात, मासा जाऊ दिलात, गळ खिशात टाकलात. मग काकांना विचारलंत, "खाल्ला की नाही दोरा?"

"खाल्ल्यान, सायबानू."

पुण्याला परतल्यावरही येईल त्या पाहुण्याला तुम्ही ही गोष्ट सांगायचात आणि मी शेजारी बसून मान डोलवायचे.

तो गळ डब्यात वेगळा, कापसात गुंडाळलेला सापडला. दोऱ्यात खुबूसचा कण अजून आहे, खड्यासारखा कडक. गळ सोडवताना तुम्हाला तो दिसलाच असणार. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तुमचं मन राखतेय. हे पत्र आता कुठे धाडणार? पण कबूल करते बाबा, फसले ती मीच, आणि मला त्याचा फार आनंद झालाय.