८०८०वर कोण बसलंय?

३ मार्च, सोमवार
इमारतीच्या वाचनालयाची यादी आजही सुरू होत नाही! माझा कॉम्प्युटर, मी लिहिलेला प्रोग्रॅम — आणि पडद्यावर काय, तर ८०८० हा पोर्ट आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे प्रोग्रॅमची बसायची जागा, एका जागेवर एकच. कोण वापरतंय? घरात मी एकटी!
वरच्या मजल्यावरचे मास्तर दारात हजर. "बाई, फोनवर पुस्तकं दिसत नाहीत. पुन्हा वही काढायची का?"
काढा म्हटलं. खुशाल काढा.

४ मार्च
भाच्याला फोन केला. "मावशी, अगं ८०८० सगळेच प्रोग्रॅम घेतात. हजाराच्या खालचे सिस्टिमचे, ते सोड. पन्नास हजारांच्या पुढचे कॉम्प्युटर ऐनवेळी कुणालाही देतो. मधला एखादा घे, रिकामा आहे का बघ, की झालं."
झालं म्हणे! तीनशे पुस्तकांत यादीच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात मी, ८०८० छापून. मी का उठू? कॉन्व्हेंटमध्ये दुसऱ्याच्या बाकावर बसलेलीला सिस्टर कान धरून उठवायच्या.

५ मार्च
सापडला. लेकीचा प्रोग्रॅम आहे!
गेल्या आठवड्यात आली होती तेव्हा म्हणाली, "आई, तुझा कॉम्प्युटर जरा साफ करून देते." साफ! मी कीबोर्डला हात लावला की हा नोंद करतो, आणि बाईसाहेब तिकडे बसून पान उघडून बघणार — म्हातारी आहे की आटोपली. मला एका शब्दानं विचारलं नाही. फोन करायला वेळ नसतो, पाळत ठेवायला आहे!
बंद करून टाकला. यादी लगेच सुरू झाली. आता येईलच फोन, घाबराघुबरा. काय सुनवायचं ते पाठ करून ठेवलंय.

६ मार्च
फोन नाही.

९ मार्च
नाही. मास्तर खूश. "बाई, यंत्र सुधारलं हं तुमचं!" हो म्हटलं.
मोबाइल ताटाशेजारी ठेवून जेवले. कामात असेल. पाठ केलेलं निम्मं विसरले.

१४ मार्च
नऊ दिवस. तिचं पान नऊ दिवस बंद आहे, आणि तिला पत्ताच नाही.
दमले. यादी ८७६५वर नेली — रिकामा आहे, दोनदा तपासला. चिठ्ठ्या बदलायला घेतल्यात, चाळीस झाल्या. ८०८०वर तिचा प्रोग्रॅम मीच पुन्हा चालू करून दिला. कधी उघडलंच पोरीनं, तर कोरं दिसायला नको.