लाल नळ, निळा नळ

बुधवार, जुलै. करामा, दुबई.

हसू येतंय आणि लाजही वाटतेय. उन्हाळाभर आमचा गीझर बंद असतो, त्यामुळे नळांचं सगळं उलटं. निळ्यातून गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं, आणि लाल नळातून गीझरमध्ये साठून घरातच निवलेलं. इथे हे सगळ्यांना ठाऊक. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना सांगायचं मात्र राहूनच गेलं.

आज चहा घेताना म्हणाल्या, "तुमचं बिल वाढू नये म्हणून मी लाल नळाला हातसुद्धा लावत नाही. पण तुमचं गार पाणी फार भाजतं गं बाई!"

लेक खो खो हसली. "आजी, द रेड वन इज कोल्ड!"

पण बिलाची धास्ती त्यांना घातली कुणी? मीच ना, विमानतळावरून घरी येताना? सहज बोलले होते. की सहज नव्हतं?

"आई, दुपारी एसी तरी लावता ना?"

"पंखा आहे की."

खलास! रिमोट त्यांच्या हातातच दिला. मग लाल नळाखाली मनसोक्त आंघोळ करून त्या खोलीत गेल्या. आता तिथून एसीचा आवाज येतोय. बरं वाटतंय. किती डिग्रीवर लावलाय, ते बघायला मात्र मी जाणार नाही.